वालाच्या कडेची लॉबी

भात कापून झालं की आमच्याकडे हवेला महिनाभर एक कोरडा, गोडसर वास असतो. पेंढ्याचा, रचून ठेवलेल्या उडव्यांचा, आणि रिकाम्या खाचरांत ओल आहे तोवर घाईने टोचलेल्या वालाचा. मी आता महाडात राहते. बाजारपेठेत डिझेलचा आणि मिरचीच्या ठसक्याचाच वास जास्त, तरी मार्गशीर्षात सकाळी खिडकी उघडली की तो वास कुठून तरी येतोच. इतरांना तो आला की घरच्या उसळीची आठवण होत असेल. मी खिडकी लावून घेते.

यंदा त्या वासाबरोबर आमच्या शाळेत कबड्डीची मॅट आली. खेळाचं जुनं सामान पुरात गेलं होतं, ते इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी देणगीतून भरून निघालं. निळे-पिवळे तुकडे, एकाचे दात दुसऱ्यात बसवायचे. खेळाचे सर नवे आहेत, वयाने लहान आणि उत्साहाने दांडगे. त्यांनी मुलींना हाताशी धरून अर्ध्या दिवसात ती मैदानावर अंथरली आणि मला बोलावून दाखवली. मधलं मैदान निळं, आणि दोन्ही कडांना मीटर-मीटरभर पिवळी पट्टी.

"मॅडम, तुम्ही इंग्रजीच्या," सर म्हणाले. "ह्या पट्टीला लॉबी का म्हणतात हो? मुली विचारतात आणि मी नुसता शिट्टी वाजवतो."

"उद्या सांगते," मी म्हणाले. वीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर माणसाला लगेच उत्तर न देण्याची कला येते.

घरी येऊन शब्दकोश काढला. लॉबी म्हणजे मोठ्या इमारतीत शिरल्यावर आतल्या खोल्यांच्या आधी लागणारी मोकळी जागा. थांबायची, ताटकळायची. मग विधिमंडळातला तो भाग जिथे लोक आमदारांना गाठतात, आणि त्यावरून आपलं काम करून घेण्यासाठी गाठणारे ते लोकही. माझा चुलतभाऊ मुंबईत एका सोसायटीत वॉचमन आहे, त्याच्या बोलण्यात हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो, आणि त्याच्या लेखी लॉबी म्हणजे जिथे त्याला खुर्ची टाकू देत नाहीत ती जागा. कबड्डीचा अर्थ माझ्या कोशात नव्हताच. नियमांच्या पुस्तकात मराठी शब्द आहे, राखीव क्षेत्र. तो मी आजवर एकाही खेळाडूच्या तोंडून ऐकलेला नाही.

न खेळलेल्यांसाठी सांगते. चढाई करणारी मुलगी समोरच्यांच्या अंगणात शिरते तेव्हा कडेची ही पट्टी मैदानाबाहेरची असते. तिथे पाऊल पडलं की ती बाद. पण तिचा हात समोरच्या कुणाला लागला, किंवा कुणी तिला धरलं, की त्या क्षणापासून पट्टी मैदानात येते. मग तिथून पळा, लोळा, कुणी विचारणार नाही. जमीन तीच असते. मध्ये फक्त एकीचा हात दुसरीला लागलेला असतो.

हे मला सरांनी शिकवलं नाही आणि पुस्तकानेही नाही. सुजाताने शिकवलं.

आमची वाडी पोलादपूरच्या अलीकडे, सावित्री नदीच्या काठाला. शाळा पोलादपूरला. कापणी झाली की वाडीत सगळे वालाच्या मागे लागत, फक्त धाकूआबांचं वरच्या अंगाचं एक खाचर मोकळं राही. ते कातळाला लागून होतं, तिथे वाल धरत नसे. ते आमचं मैदान. आम्ही ढेकळं फोडायचो, कळशीने पाणी मारायचो, अनवाणी पायांनी चोपून चोपून ते सपाट करायचो आणि गिरणीतून तुसाची राख आणून रेघा ओढायचो. रेघांची पांढरी फक्की आम्ही शाळेतच पाहिली. राखेच्या रेघा काळपट असत आणि दुपारच्या वाऱ्याने दोन-तीनदा तरी पुन्हा ओढाव्या लागत.

अडचण एका बाजूची होती. तिथे बांध नव्हता, सलग आबांचा वाल होता. त्या बाजूला कुणी तोल जाऊन गेलं की आबा पडवीतूनच ओरडत, "वालात पाय घालाल तर तंगडी मोडून हातात देईन गो."

सुजाता त्यांच्याकडे गेली. ती माझ्याच वर्गातली, काटक, लांब हातांची. "आबा, पुढल्या साली या बाजूला हातभर कमी पेरा. आमची लॉबी हाय ती."

"काय हाय?"

"लॉबी. हाय पण नाय अशी जागा. हात लागला की हाय."

आबा हसले असणार, कारण पुढच्या वर्षी त्यांनी खरोखर चार ओळी कमी पेरल्या. पट्टीभर जमीन उघडी ठेवली. त्यांच्या सुनेने तिथे काकडी लावायचं काढलं तेव्हा तिला म्हणाले, "तिथं नको. ती पोरींची लॉबी हाय." आबांना सही करता येत नव्हती, पण हा एक इंग्रजी शब्द त्यांनी आमच्या कुणाहीपेक्षा बरोबर वापरला असं मला वाटतं.

मॅटवरची पिवळी पट्टी पाहिली तेव्हा मला ती वालाच्या कडेची जमीन आठवली. तिच्यावर वेलांचे शेंडे वाकून आलेले असायचे. चढाई करून परतणाऱ्या सुजाताच्या घोट्यांना ते लागायचे.

सुजाता बौद्धवाडीतली. ओढ्यापलीकडची सात-आठ घरं. तिचे बाबा एस.टी.त कंडक्टर होते, आमच्या घरापेक्षा तिच्या घरी वर्तमानपत्र आधी यायचं. ती आमच्याकडे यायची, ओटीवर बसायची. आई तिला चहा द्यायची तो एका कपात, कान तुटलेला, खिडकीवरच्या फळीवर वेगळा ठेवलेला. माझी आई वाईट नव्हती, असं आपण आपल्या आईबद्दल म्हणतोच. तो कप मला रोज दिसत होता. मी एकदाही तो बदलला नाही. सुजाता चहा पिऊन कप स्वतः विसळून त्याच फळीवर ठेवायची, म्हणजे तिलाही दिसत होता. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. मग शेतात जाऊन तासभर एकमेकींना पकडून मातीत लोळायचो.

आमच्या खेळात पंच नसे. कुठून असणार. म्हणून एक रीत होती, ती आमच्याआधीच्या मुलींनी पाडलेली. जिला हात लागला तिने स्वतःच हात वर करायचा. लगेच, कुणी विचारायच्या आत. मोठ्या सामन्यांतही खेळाडू असं करतात, पण तिथे शिट्टी असते, रेषापंच असतात. आमच्याकडे तेवढा वर गेलेला हात हाच पंच. ह्या एका बाबतीत सुजाता कडक होती. कुणी हात उचलायला उशीर केला तर ती भांडायची नाही, राख झटकून घरी निघून जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी तिला आणायला जायची.

ज्या हंगामाबद्दल मला लिहायचंय तो आमचा बारावीचा. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती, वालाला मोहरही लवकर आला होता. जिल्ह्याच्या संघाची निवड महाडला होती आणि आमचे सर आम्हा दोघींना घेऊन सकाळच्या एस.टी.ने आले. दोघींनाही शिक्षिका व्हायचं होतं. दोघींचे मार्क बेतास बात. अध्यापक विद्यालयात खेळाडूंसाठी थोड्या जागा असत, त्यासाठी जिल्ह्याचं प्रमाणपत्र हवं. ते नसलं तर काय होणार हे दोघींना ठाऊक होतं. माझ्यासाठी एक स्थळ येऊन गेलं होतं, तिच्यासाठी दोन.

निवड करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ आमच्या सरांना म्हणाले, "पोलादपूरकडची एकच घेता येईल हो." सरांना ऐकू आलं, म्हणजे आम्हालाही ऐकू आलं. सुजाताने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. तिला वाटत होतं की ती एक मी असेन. मला वाटत होतं की ती असेल. माझं बरोबर होतं, ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती.

आम्हाला समोरासमोर खेळवलं. ती चढाईला, मी लेफ्ट कॉर्नरला. शेवटच्या चढाईत ती माझ्याच बाजूला आली. हा तिचा ठरलेला डाव होता, आणि तो मी शेतात शंभरदा पाहिला होता. कोपऱ्यातल्या मुलीला लांबून हात लावायचा आणि बाकीच्या आत दाटल्या की कडेच्या लॉबीतून गिरकी घेत परत यायचं. माझा उजवा हात पुढे होता. तिची दोन बोटं माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लागली. लागली, यात काडीचीही शंका नाही. थंड होती. मग ती वळली, मुली तिच्यावर झेपावल्या, आणि ती लॉबीतून, कुणाच्याही हाती न लागता, दम न तोडता मध्यरेषेपलीकडे पोचली.

रेषापंचांनी तिचं पाऊल लॉबीत पडलेलं पाहिलं होतं. हात लागलेला त्यांना दिसला नव्हता, मध्ये मुली होत्या. पंचांनी आमच्या बाजूला पाहिलं. "टच? कुणी हात वर केलाय?"

मी माझ्या पायांकडे पाहत होते. नखात लाल माती गेली होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, दोन श्वासांइतका असेल. तेवढ्या वेळात हात उचलता आला असता. अर्धा उचलूनही चाललं असतं.

"चढाई करणारी बाद," पंच म्हणाले.

लोक म्हणतात, अशा वेळी माणसाला कळत नाही आपण काय करतोय. मला सगळं कळत होतं. मी विचार करून हात खाली ठेवला.

सुजाताने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. ती भांडली असती तर बरं झालं असतं. शेतातल्यासारखी राख झटकून निघून गेली असती तरी मी दुसऱ्या सकाळी तिला आणायला गेले असते. ती हसली आणि म्हणाली, "चुकलं गो लते माझं."

दुपारी आम्ही चवदार तळ्याच्या कठड्याला टेकून डबे उघडले. तिने तिथे आधी हात जोडले, मग डबा सोडला. तिच्या आईने ओल्या वालाची उसळ दिली होती, खोबरं घालून. तिने निम्म्याहून जास्त माझ्या भाकरीवर वाढली. म्हणाली, "खा. जिल्ह्याला जायचंय तुला." मी खाल्ली. ती उसळ चांगली झाली होती हेही मला आठवतं, आणि मला आठवू नये असं वाटतं.

त्या वैशाखात तिचं लग्न झालं, वरंधच्या बाजूला. नवरा टेम्पो चालवणारा, माणूस साधा. मी अध्यापक विद्यालयात गेले, पुढे पदवी घेतली, महाडच्या या शाळेत लागले. आमचं जाणं-येणं सुटलं नाही. ती बाजाराला आली की माझ्याकडे चहाला यायची, मी तिला घरातल्या सगळ्यात चांगल्या कपात चहा द्यायचे. ते ती पाहायची आणि गालात हसायची. त्याने काय फिटतं.

एकदा माझा गुडघा धरला होता, खेळातलीच जुनी दुखापत. ती मला सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर घेऊन गेली. दोघी साड्या गुडघ्यापर्यंत घेऊन पाण्यात पाय सोडून बसलो. शेजारी दोन म्हाताऱ्या सुनांच्या तक्रारी करत होत्या. सुजाता पाण्यात बोटं फिरवत सहज म्हणाली, "लते, त्या दिवशी ना, मला वाटलं होतं तुला लागला माझा हात. पक्कं वाटलं होतं. म्हणूनच गेली मी लॉबीत."

मी ओंजळीने गुडघ्यावर पाणी ओतून घेतलं.

"पण तू हात वर केला नायस. मग कळलं, नायच लागला. लागला असता तर तू केलाच असतास." ती स्वतःची बोटं पाण्याबाहेर काढून बघत होती. "तवापासून ह्या बोटांवर भरवसा नाय राहिला बघ. भाकरी थापताना पण वाटतं, तवा तापला का खरंच, का मलाच वाटतंय."

ती चेष्टेत बोलत होती. मीच तिला म्हणायला हवं होतं, अगं लागला होता. तीन शब्द. ते तोंडात तयारही होते.

"पाणी फार कढत आहे नाही," मी म्हणाले.

इतकी वर्षं मी समजत होते की मी तिची एक जागा घेतली. त्या दिवशी कळलं की जागा ही त्यातली लहान गोष्ट होती. तिने स्वतःच्या बोटांची आणि माझी साक्ष समोरासमोर ठेवली आणि स्वतःच्या बोटांना खोटं ठरवलं. माझ्यावर विश्वास म्हणून.

महाडला मोठा पूर आला तेव्हा माझ्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. पाणी उतरलं आणि मागे चिखल राहिला. वरंधच्या बाजूचे रस्ते तुटलेले, तिकडे तळीयेला दरड कोसळल्याच्या बातमीने सगळ्यांचे जीव उडालेले, अशात पाचव्या दिवशी सुजाता मिळेल त्या गाडीने आणि बाकी चालत माझ्याकडे आली. पदर खोचून फावड्याने चिखल ओढायला लागली. पेटीतले कागद लगदा झाले होते, मी ते सरळ बाहेर टाकत होते. त्यातून तिने एक उचलला. माझं जिल्ह्याचं प्रमाणपत्र. अर्धी अक्षरं पुसली होती.

"हे टाकू नको गो," ती म्हणाली. "ह्याच्यावर तुझी भाकरी हाय."

तिने ते बादलीतल्या स्वच्छ पाण्यात हलकेच धुतलं, टॉवेलवर पसरून टिपलं आणि दोरीवर चिमट्याने वाळत घातलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिला वाटलं घरासाठी रडतेय, म्हणून तिने मला भांडी पुन्हा येतील असं समजावलं. तेव्हाही मी सांगितलं नाही. माणूस आपल्यासाठी चिखल उपसत असताना त्याला असं कसं सांगायचं, असं मी स्वतःला सांगितलं. न सांगायला प्रत्येक वेळी काही ना काही कारण सापडतं.

गेल्या भादव्यात ती गेली. कावीळ झाली होती, अंगावर काढली. मी भेटायला गेले तेव्हा तिला ग्लानी होती. मी तिचा हात हातात धरून बसले. तिची बोटं तशीच थंड होती. कानाशी वाकून सांगावं असं मनात आलं, पण जी ऐकू शकत नाही तिला सांगणं हा पुन्हा माझाच फायदा झाला असता. निदान तेवढं तरी मी केलं नाही.

तिची धाकटी, प्रज्ञा, आमच्याच शाळेत नववीला आहे. वरंधकडून रोज एस.टी.ने येते. आईसारखेच लांब हात. नव्या मॅटवर तिला खेळताना पाहिलं आणि क्षणभर मला राखेच्या रेघा दिसल्या. पण सर वैतागले होते. "मॅडम, पोरगी एवढी चपळ, पण कडेला गेली की तिला ब्रेक लागतो. टच करते आणि लॉबी मोकळी असताना मधल्या गर्दीत घुसते, पकडली जाते. जिल्ह्याच्या निवडीला महिना राहिलाय. असंच चाललं तर मला तिला बसवावं लागेल."

मी प्रज्ञाला वर्गाबाहेर विचारलं, "लॉबीत का जात नाहीस?"

"आई सांगायची," ती म्हणाली. "बोटांचा भरवसा धरायचा नाय. लागलं असं वाटतं, पण लागलेलं नसतं. आई तशीच बाद झाली होती."

तिच्यामागे दारातून दिसणाऱ्या फळ्यावर माझंच अक्षर होतं. ज्या हाताने मी खडू धरते त्याच हाताचं ते मनगट.

तीन दिवस मी झोपले, जेवले, शिकवलं. सरांना लॉबीचा कोशातला अर्थ सांगितला, त्यांनी तो वहीत लिहून घेतला. चौथ्या दिवशी सराव संपल्यावर मी प्रज्ञाला थांबवलं. मॅटच्या कडेला दोघी बसलो आणि मी सांगितलं. काही सजवलं नाही. तुझ्या आईचा हात लागला होता. मला. मी हात वर केला नाही. मुद्दाम केला नाही.

ती बराच वेळ पिवळ्या पट्टीच्या कडेचा दात नखाने उचकत राहिली.

"म्हणजे आई बाद नव्हती."

"नव्हती."

"हे तिला सांगितलंत?"

"नाही."

तिने रडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, असं आपल्याला वाटतं, कारण त्याने आपल्याला बरं वाटणार असतं. तिने दप्तर उचललं आणि ती गेली. दोन दिवस सरावाला आली नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ती जागा दाखवा."

महाडातल्या निवडीच्या त्या मैदानाचं आता मैदान राहिलेलं नाही. अर्ध्या भागात टेम्पो उभे असतात, उरलेल्यात कुणी बांधकामाची खडी टाकली आहे. पाण्याची टाकी तेवढी जुनी. तिच्यावरून मी अदमास घेतला, टाकीच्या सावलीत आम्ही चपला काढल्या होत्या, म्हणजे पंच तिकडे, म्हणजे कोपरा इथे. चपलेच्या टाचेने मी मातीत मध्यरेषा ओढली, मग कडेची रेघ, मग तिच्या बाहेर मीटरभरावर दुसरी. एक टेम्पोवाला विडी ओढत बघत होता. पन्नाशीकडे झुकलेली बाई खेळाच्या रेघा मारतेय, त्याला मौज वाटली असेल.

"तुम्ही कुठं होता?"

मी कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. उजवा हात पुढे केला, जसा होता तसा. गुडघा कुरकुरला.

प्रज्ञाने दप्तर खाली ठेवलं, चपला काढल्या, मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि ती आत आली. हळू आवाजात दम घेत होती, कबड्डी कबड्डी, शेजारच्याला ऐकू जाऊ नये इतका. तिची चाल तीच होती. डावा पाय आधी, खांदा पडलेला. ती माझ्यासमोर आली आणि तिचा हात माझ्या मनगटाकडे आला.

मी खरं सांगते, त्या क्षणी मी, सत्तावीस वर्षांत कशाचीच पाहिली नसेल इतकी, त्या स्पर्शाची वाट पाहत होते. तो झाला असता की मी हात वर करणार होते. त्या टेम्पोवाल्यासमोर, उन्हात, पूर्ण वर. तेवढ्यासाठीच मी तिथे आले होते हे मला तेव्हा कळलं.

हात मनगटापासून चार बोटांवर थांबला. तिथे थोडा वेळ राहिला. मग ती वळली, कडेची रेघ ओलांडून लॉबीत शिरली, आणि सावकाश, दम न तोडता, पट्टीतून चालत चालत मध्यरेषेपलीकडे गेली. नियमाने ती बाद होती. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पलीकडे जाऊन तिने वाकून मातीला हात लावला.

"आई इथवर आली होती ना?"

"हो. इथवर आली होती."

"दम होता तिला?"

"पुरा होता."

"मग झालं," ती म्हणाली.

माझा हात वर होता. कधी गेला ते मला समजलं नाही. प्रज्ञाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर मी तो घेतला असता.

"तो खाली घ्या बाई," ती म्हणाली. "इथं कोण पंच नाय आता."

एस.टी. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. सोमवारी सरावाला येशील का, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "येईन. मला खेळायचं हाय. लॉबीत पण जाईन." गाडी लागली होती. ती चढली, खिडकीजवळ बसली आणि समोर बघत राहिली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तिथे उभी होते. उजवा हात पिशवीच्या बंदात घट्ट अडकवून ठेवला होता, उगाच पुन्हा वर जाऊ नये म्हणून.